तुमच्या बागेतला ‘हेलिकॉप्टर’ डायनासोरपेक्षाही जुना!

पावसाळा संपत आला की दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या बागांमध्ये पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात. मुलं त्यांना ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. पण या हेलिकॉप्टरचं बालपण पाण्याखाली जातं आणि त्याचं घराणं डायनासोरपेक्षाही जुनं आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?

संकटांतून तरलेलं घराणं

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी चतुरांचा दूरचा नातेवाईक मेगान्यूरा उडत होता. त्याच्या पंखांचा पसारा ६५ सेंटिमीटरच्या आसपास होता. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात कीटकांच्या अनेक शाखा कायमच्या नष्ट झाल्या. पण त्यानंतरच्या ट्रायासिक काळात गोड्या पाण्यात पुन्हा गजबज वाढली. डास-माश्यांच्या गटातले कीटक, पाणढेकूण, पाणभुंगे असे नवे रहिवासी आले.

६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोर संपले. त्याच सुमारास आपलं दख्खनचं पठार लाव्हारसातून घडत होतं. तरीही पाणकीटकांची बहुतेक कुळं टिकली.

यमुनेत मात्र हरले

वजिराबाद ते ओखला हे अंतर केवळ २२ किलोमीटर, म्हणजे १,३७६ किलोमीटरच्या यमुनेचा २ टक्क्यांहूनही कमी भाग. पण नदीच्या प्रदूषणाचा मोठा वाटा इथेच मिसळतो. सांडपाण्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन घटतो. मग मेफ्लाय, स्टोनफ्लायसारख्या नाजूक कीटकांची पिल्लं तग धरत नाहीत. उरतात त्या कायरोनोमस माशीच्या लालभडक अळ्या. त्यांच्या शरीरातलं हिमोग्लोबिन कमी ऑक्सिजनमध्येही त्यांना जगवतं. अळ्या असतात लाखोंनी, पण प्रकार मोजकेच. गर्दी म्हणजे विविधता नव्हे!

तुम्ही काय करू शकता?

• चतुर दिसले म्हणजे नदी स्वच्छ झाली, असं समजू नका. हे पिवळसर चतुर पावसाच्या डबक्यातही वाढतात. पाण्याची खरी परीक्षा तळाशी राहणारे जीव देतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळही पाण्याचा दर्जा ठरवताना त्यांची नोंद घेतं.

• चतुराची पिल्लं डासांच्या अळ्या फस्त करतात. म्हणून बागेतल्या कमळकुंडात कीटकनाशक ओतू नका.

• उरलेलं तेल, रंग, औषधं नाल्यात टाकू नका. दिल्लीतले बरेच नाले शेवटी यमुनेलाच मिळतात.

• सुट्टीत मुलांना यमुना जैवविविधता उद्यानात न्या आणि चतुरांचे किती प्रकार दिसतात ते मोजायला सांगा.

कोट्यवधी वर्षांची संकटं पचवलेल्या या पाहुण्यांना आपल्याकडून हवंय फक्त स्वच्छ पाणी.