त्रैक्य : उपासनेतून सिद्ध झालेला सिद्धान्त

ख्रिस्ती धर्मातील त्रैक्याचा विचार प्रथमच ऐकणाऱ्या मराठी वाचकाच्या मनापुढे ब्रह्मा, विष्णू, महेश ही त्रिमूर्ती उभी राहावी, हे स्वाभाविक आहे. परंतु ह्या साम्याने वाट सापडण्यापेक्षा चुकण्याचाच संभव अधिक. त्रिमूर्तीच्या रूढ कल्पनेत उत्पत्ती, स्थिती व लय ह्या कार्यांची वाटणी झालेली असते. पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्यात मात्र ना कार्याची वाटणी आहे, ना सत्तेची. जे एकाचे कार्य तेच तिघांचे. भेद काय तो परस्परसंबंधाचा. पिता कोणापासूनही झालेला नाही, पुत्र पित्यापासून अनादिकालापासून जन्मलेला आहे, आणि आत्मा पित्यापासून निघणारा आहे. (पाश्चात्य चर्चने पुढे ‘आणि पुत्रापासूनही’ अशी जोड दिली व तीवरून पूर्वेकडील चर्चशी मोठे वितुष्ट आले.) देव मात्र एकच.

कोण्या तत्त्वज्ञाने एकान्तात बसून हे कोडे रचले असावे, असा समज पुष्कळांचा असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते. एका देवावाचून अन्य कोणापुढे नतमस्तक होणे हे त्यांच्या लेखी महापातक. तरीही ते येशूची प्रार्थना करू लागले, आणि पुढे पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याचा प्रघात पडला. आचार अगोदर रूढ झाला. त्याची उपपत्ती लावावयास तीन शतके लागली.

चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियातील आरियस नावाच्या धर्मगुरूने असे प्रतिपादिले की, पुत्र सर्व सृष्टीहून श्रेष्ठ खरा, तथापि तोही निर्मिलेलाच. देवाचे एकत्व अबाधित राखावे, हा त्याचा हेतू प्रामाणिकच होता. वाद विकोपास गेला, तेव्हा नुकताच साऱ्या साम्राज्याचा एकछत्री धनी झालेल्या कॉन्स्टंटाइन बादशहाने इ. स. 325 मध्ये नायसिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक गावी, धर्मपरिषद बोलाविली. सुमारे 300 बिशप सरकारी खर्चाने तेथे दाखल झाले. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असा निर्णय झाला, आणि आरियस व त्याच्या बाजूने अखेरपर्यंत राहिलेले दोन बिशप हद्दपार झाले.

परंतु श्रद्धेचे प्रश्न फर्मानांनी निकालात निघत नाहीत. दरबारचा कल फिरला, आणि परिषदेचा कैवार घेणारा अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस ह्यालाच एकूण पाच वेळा, मिळून सुमारे 17 वर्षे, पदच्युत होऊन वनवास भोगावा लागला. त्याच्या युक्तिवादाचे मर्म मला फार मोलाचे वाटते. जो स्वतः निर्मित आहे तो दुसऱ्या निर्मितांना देवाशी कसा जोडून देणार? ख्रिस्त निर्मित असेल तर त्याची उपासना ही मूर्तिपूजाच ठरेल, आणि तारणाची आशाही फोल होईल.

पुढे हाच प्रश्न पवित्र आत्म्याविषयी उपस्थित झाला. कप्पदुकियातील कैसरियाचा बिशप बेसिल ह्याने प्रार्थनेत पित्याचा गौरव ‘पुत्रासह व आत्म्यासह’ केला, म्हणून त्याजवर आक्षेप आले. उत्तरादाखल त्याने आत्म्यावर एक प्रबंधच लिहिला. ज्यांच्या नावाने आपण बाप्तिस्मा घेतो त्यांच्यावरच आपली श्रद्धा, आणि जशी श्रद्धा तसाच गौरव, असा त्याच्या विवेचनाचा धागा आहे. त्याचा भाऊ, नायसाचा ग्रेगरी, ह्याने हे तीन देव का नव्हेत ह्याचे विवरण केले: तीन माणसे आपापली कामे वेगवेगळी करतात, परंतु देवाची प्रत्येक कृती पित्यापासून उगम पावून, पुत्राच्या द्वारे, आत्म्यामध्ये पूर्णत्वास जाते, आणि ती कृती एकच असते.

बेसिल 379 मध्ये निवर्तला. दोन वर्षांनी कॉन्स्टॅन्टिनोपल येथे दुसरी परिषद भरली. तिच्या नावे चालत आलेल्या मतांगीकारात आत्म्याविषयी ‘एकतत्त्व’ हा वादग्रस्त शब्द नाही. पिता व पुत्र ह्यांच्याबरोबर ज्याची आराधना व ज्याचा गौरव होतो तो, एवढेच म्हटले आहे. बेसिलचा मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, ह्याला अधिक स्पष्ट शब्द हवे होते. पण परिषदेचा हा संयमच मला अधिक योग्य वाटतो, कारण उपासकांच्या मुखी जे आधीपासून होते त्याहून वेगळे काही तिने त्यांच्यावर लादले नाही.