कोंबडीला शिंपल्याचा चुरा का आणि कधी द्यावा?

आमचा धंदा कापडाचा. पण घरामागच्या खुराड्यात पंधरा-वीस कोंबड्या आम्ही पुष्कळ वर्षांपासून पाळत आलो आहोत. माग बंद असले की कारागीर बांधवांच्या घरात अंड्यांचे चार पैसे कसे कामी येतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. मात्र तडकलेले अंडे गाडीवाला घेत नाही आणि दाण्याचा खर्च अंगावर पडतो. कवच पातळ येऊ लागले, कधी तर नुसत्या पडद्याचे मऊ अंडे पडले, की लोक कोंबडीला नावे ठेवतात. आमच्या मते कसूर बहुधा दाण्याची असते.

हिशोब साधा आहे. अंड्याचे कवच जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जाते. खाल्लेले सर्व अंगी लागत नाही, म्हणून जवळपास रोज अंडे देणाऱ्या कोंबडीला दिवसाला 4 ग्रॅमच्या आसपास लागते. 100 ग्रॅम ज्वारीत ते एक दशांश ग्रॅमसुद्धा नसते! मग कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. ही उधारी फार दिवस चालत नाही. पाय लुळे पडतात, कोंबडी बसून राहते, अंडी थांबतात. गावठी कोंबडी कमी अंडी देते, तिची गरजही कमी. पण नुसत्या दाण्यावर तिचेही भागत नाही.

अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिळणाऱ्या तयार लेयर खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. ब्रॉयलरच्या खाद्यात ते एक टक्क्याच्या आसपासच असते, तेव्हा पोते घेताना नाव वाचून घ्यावे.

घरचा दाणा देणाऱ्यांनी शिंपल्याचा चुरा ठेवावा, आणि तो जाडसर असावा. आम्ही सुरुवातीला बारीक भुकटी दाण्यात मिसळून देत होतो. गुण फारसा आला नाही. कारण पुढे कळले. कवच चढायला 18 ते 20 तास लागतात आणि त्यातले पुष्कळ काम रात्री चालते. रात्री कोंबडी काही खात नाही. भुकटी तोपर्यंत पोटातून निघून गेलेली असते. 2 ते 4 मिलिमीटरचे तुकडे मात्र दाणा दळणाऱ्या पोटात अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात. म्हणून चुरा वेगळ्या भांड्यात, दुपारी तीन-चारनंतर ठेवावा. जिला गरज आहे ती कोंबडी आपणहून खाते, जबरदस्ती लागत नाही.

लहान पिल्लांना व तलंगांना हा चुरा किंवा लेयर खाद्य देऊ नये. जादा कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड खराब होते. पहिले अंडे येण्याच्या साधारण दोन आठवडे आधी सुरू करावे.

माल घेताना चिमूटभर चुरा कुटून त्यावर लिंबू पिळावे. शिंपला असेल तर फेस येतो, वाळू तशीच पडून राहते. कापड हातात चोळून पाहतो, तसेच हे! घरची अंड्याची टरफले चालतात, पण ती धुऊन, भाजून, बारीक तुकडे करून द्यावीत. अख्खी टाकली तर कोंबडीला अंडी फोडून खाण्याची खोड लागते. पानाला लावायचा चुना पाण्यात कालवून देणारे आहेत; तो दाहक आहे, आम्ही देत नाही.

एवढे करूनही उन्हाळ्यात कवच पातळ येते. कोंबडी धापा टाकते तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साईड बाहेर जातो आणि कवचाला लागणारे कार्बोनेट कमी पडते. खाणेही घटते. तेव्हा सावली, गार पाणी आणि सकाळी लवकर दाणा द्यावा. कोवळे ऊन मिळू द्यावे, कारण ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. कोंबडी म्हातारी झाली असेल तर अंडे मोठे व कवच पातळ येते, तिथे चुरा वाढवून विशेष फरक पडत नाही.