कुत्र्याची लस : समज आणि वस्तुस्थिती

घरच्या कुत्र्याला लस टोचण्याचा विषय निघाला की वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवर जी चिंता उमटते, तिला निव्वळ अज्ञान म्हणून झिडकारणे मला अन्यायाचे वाटते. कारण कुत्रा चावल्यावर माणसाने पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची, मेंढीच्या मेंदूपासून तयार होणाऱ्या त्या जुन्या लशीची आणि तिच्यामुळे क्वचित कोणाला जडलेल्या पक्षाघाताची आठवण आपल्या समाजातून अद्याप पुसली गेलेली नाही. परंतु ती लस केव्हाच हद्दपार झाली आहे. आज कुत्र्याला टोचतात ती रेबीजची लस पेशींवर वाढवून निष्प्राण केलेल्या विषाणूंची असते, आणि निष्प्राण विषाणू रोग उत्पन्न करू शकत नसल्यामुळे, लशीनेच कुत्रा पिसाळतो या समजुतीला कसलाही आधार उरत नाही.

लशीपासून कधीच त्रास होत नाही, असे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू नये. एक-दोन दिवस मरगळ, किंचित ताप, अन्नावरची वासना कमी होणे, सुईच्या जागी लहानशी गाठ येणे, हे प्रकार होतात आणि बहुधा आपोआप शमतात. तोंड सुजणे, अंगावर गांधी उठणे, वारंवार उलट्या किंवा धाप लागणे ही लक्षणे काही मिनिटांत वा तासांत दिसली, तर मात्र विलंब न लावता दवाखाना गाठावा. म्हणूनच टोचल्यावर अर्धा तास तेथेच थांबणे शहाणपणाचे. अमेरिकेत २००२ व २००३ या वर्षांत लस टोचलेल्या १२ लाखांहून अधिक कुत्र्यांची दप्तरे तपासली गेली, तेव्हा तीन दिवसांच्या आत त्रास झाल्याची नोंद दर १०,००० कुत्र्यांमागे सुमारे ३८ इतकी आढळली. लहान चणीच्या आणि एकाच खेपेस अनेक लशी घेतलेल्या कुत्र्यांत ती अधिक होती. यावरून लहान कुत्र्यास निम्मी मात्रा द्यावी असा निष्कर्ष काढणे चूक आहे, कारण लशीची मात्रा वजनावर ठरत नाही. लशी वेगवेगळ्या दिवशी टोचाव्यात का, एवढे पशुवैद्यांना विचारावे.

लस देऊनही पिल्लू पार्व्हो या विषाणूजन्य रोगाने दगावले, म्हणजे लस फसवी, ही तक्रार मला सर्वांत करुण वाटते. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला मिळालेली प्रतिद्रव्ये त्याचे रक्षण करतात, आणि तीच लशीलाही निष्प्रभ करतात. ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक भिन्न असल्यामुळे, सहा ते आठ आठवड्यांपासून निदान सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत ठरावीक अंतराने लस पुन्हा टोचावी लागते. पहिल्या सुईनंतर निर्धास्त होऊन पिल्लाला रस्त्यावर सोडणारा मालक त्याला नेमक्या उघड्या काळातच संकटाच्या स्वाधीन करतो.

आणि रेबीजची लस टोचल्याचा दाखला असलेल्या कुत्र्याने चावा घेतला तरी, तो दाखला पाहून स्वस्थ न बसता, जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.