निवासी मोटारगाडी

निवासी मोटारगाडी : (कँपरव्हॅन). प्रवास, स्वयंपाक व निद्रा या तिन्हींची सोय ज्या एकाच स्वयंचलित वाहनात केलेली असते, त्यास निवासी मोटारगाडी म्हणतात. स्वतःचे एंजिन नसलेल्या व दुसऱ्या वाहनाने ओढावयाच्या चाकांवरील घरास कॅराव्हॅन म्हणतात. भारतात मात्र एंजिनयुक्त गाडीलाही हेच नाव रूढ झाले आहे. घरात वीज व पाणी बाहेरून येत राहतात. निवासी गाडीत ती मोजून साठवावी लागतात आणि सर्व साठ्याचे वजन चाकांवर वाहून न्यावे लागते. त्यामुळे गाडीतील सुखसोय ही उपकरणांच्या संख्येपेक्षा वजन, वीज, इंधनवायू व हवा यांचा मेळ कसा घातला आहे यावर अवलंबून असते.

इतिहास : विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टर-लेखकांनी १८८५ मध्ये ‘द वाँडरर’ ही घोड्यांनी ओढावयाची गाडी केवळ हौशी प्रवासासाठी बांधून घेतली. जर्मनीत १९५० मध्ये फोक्सवॅगन कंपनीची टाइप-२ ही पेटीसारख्या आकाराची गाडी तयार होऊ लागली. तिचे एंजिन मागे असल्याने मधली जागा सलग मोकळी मिळे. वेस्टफालिया या कारखान्याने १९५१ च्या सुमारास तीत बसविण्याजोगे सुटे लाकडी सामान तयार केले. पुढे उचलता येणारे छप्पर आले आणि लहान गाडीतही उभे राहणे शक्य झाले. १९७०–८० या दशकात अशा अनेक गाड्या यूरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान या मार्गे भारतात, गोव्यापर्यंत येत. १९७९ मधील इराणच्या क्रांतीनंतर व अफगाणिस्तानातील युद्धानंतर हा मार्ग बहुतांशी बंद पडला.

वजन व मांडणी : उत्पादकाने ठरविलेले कमाल वजन व प्रत्येक आसावरील भार यांची मर्यादा ओलांडल्यास गतिरोधक (ब्रेक), टायर व कमानी यांवर ताण येतो. ६० लि. पाणी म्हणजे ६० किग्रॅ. भार होय. म्हणून प्रवाशांसह पूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पाहणे हितावह असते. पाण्याची टाकी व घटमाला (बॅटरी) यांसारख्या जड वस्तू खाली व दोन आसांच्या दरम्यान, तर कपड्यांसारख्या हलक्या वस्तू वरच्या कप्प्यांत ठेवतात. प्रत्येक कप्प्यास घट्ट बसणारी कडी असावी. अचानक गतिरोधक लावल्यास सुटलेले भांडेही इजा करू शकते.

वीज : एंजिन सुरू करणारी घटमाला व घरगुती वापराची घटमाला वेगळ्या ठेवतात, म्हणजे रात्री दिवे जळत राहिले तरी सकाळी गाडी सुरू होते. गरज किती हे हिशोबानेच ठरवावे. ४५ वॉटचा प्रशीतक (फ्रीज) दिवसातील सु. ८ तास प्रत्यक्ष चालल्यास ३६० वॉट-तास, ३ वॉटचे चार दिवे ४ तासांस ४८ आणि २० वॉटचा पंखा ८ तासांस १६० वॉट-तास वीज घेतो, एकूण ५६८. बारा व्होल्टच्या १०० अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-अम्ल घटमालेत १,२०० वॉट-तास ऊर्जा असते. परंतु ती निम्म्याहून अधिक वारंवार रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणजे ती कशीबशी एक दिवस पुरते. त्याच क्षमतेची लिथियम-लोह-फॉस्फेट घटमाला अधिक खोलवर वापरता येत असल्याने पावणेदोन दिवस चालते. मात्र तिचे तापमान ०° से. खाली असताना ती भारित करू नये. १०० वॉटचा सौर पट्ट निरभ्र दिवशी सु. ३०० ते ४०० वॉट-तास देतो. १,००० वॉटचे वातानुकूलन मात्र वरील शिसे-अम्ल घटमालेवर अर्ध्या तासाच्या आसपासच चालेल. त्यासाठी बाहेरील वीजजोडणी घेणेच श्रेयस्कर. प्रत्येक घटमालेच्या धन अग्राजवळ योग्य क्षमतेची वितळतार (फ्यूज) असणे आवश्यक असते. ती नसल्यास तार घासून उघडी पडताच आग लागू शकते.

इंधनवायू व वायुवीजन : द्रवरूप पेट्रोलियम वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा राहण्याच्या जागेपासून हवाबंद करून त्याच्या तळाशी बाहेर उघडणारे छिद्र ठेवतात. ब्यूटेनचा उकळबिंदू सु. –०.५° से. असल्याने थंड प्रदेशात तो निरुपयोगी ठरतो. तेथे प्रोपेन वापरतात. जोड साबणाच्या पाण्याने तपासावेत, ज्योतीने कधीही नव्हे. याहून मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. या वायूला रंग वा गंध नसल्याने झोपलेल्या माणसास त्याची चाहूल लागत नाही. बंद गाडीत ऊब आणण्यासाठी शेगडी वा कोळसे पेटविणे प्राणघातक ठरते. यासाठी सूचकयंत्र बसवावे व हवेच्या झडपा थंडीतही बुजवू नयेत.

झोपेत दोन माणसांच्या श्वासातून व त्वचेतून रात्रभरात अर्धा लिटर वा अधिक पाणी बाष्परूपाने बाहेर पडते. ते थंड पत्र्यावर संघनित होऊन आतून गंज व बुरशी निर्माण करते. सच्छिद्र लोकरीसारख्या पदार्थांपेक्षा बंद पेशींचा फेस हे निरोधक म्हणून अधिक चांगले. छपरातील पंखा मंद चालू ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

देखभाल : अशा गाड्या बराच काळ उभ्या असतात व टायर झिजण्याआधी जुने होतात. टायरवरील चार अंकी खुणेत पहिले दोन अंक आठवडा व नंतरचे दोन वर्ष दर्शवितात; उदा., २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. टायरच्या भिंतीला तडे गेले असल्यास नक्षी शिल्लक असूनही तो बदलावा. गाडी ठेवून देताना पाण्याची टाकी व नळ्या रिकाम्या कराव्यात आणि पुन्हा वापरण्यापूर्वी निर्जंतुक करून धुवाव्यात. घटमाला अधूनमधून भारित करावी. छपराचे जोड व खिडक्यांची रबरी पट्टी पावसाळ्यापूर्वी तपासावी. वायूची रबरी नळी तिच्यावरील मुदत संपताच बदलावी.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. कोकणातील दमट व खारी हवा आणि सह्याद्रीतील पाऊस पाहता येथे गंजरोधक लेप, वायुवीजन व छपराची जलरोधकता यांना यूरोपातील गाड्यांपेक्षा अधिक महत्त्व आहे. उष्णता साठवून ठेवण्यापेक्षा ती बाहेर घालविणे ही येथील गाडीची पहिली गरज होय.