विश्लेषण : नाशिकच्या शरणपूरमध्ये ‘शरण’ कोण आले होते?

नाशिकमध्ये शरणपूर रोडचा पत्ता कोणालाही सांगावा लागत नाही. महापालिकेचे मुख्यालय असलेले राजीव गांधी भवन आणि कॅनडा कॉर्नर याच रस्त्यावर. मात्र शरणपूर हे कधीकाळी शहराबाहेरचे एक स्वतंत्र ख्रिस्ती गाव होते. गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुले इथे मराठी बोलत वाढली आणि त्यांच्यापैकी एक तरुण थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत पोहोचला. काय आहे हा इतिहास?

गाव कसे वसले?

चर्च मिशनरी सोसायटी ही इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चशी जोडलेली संस्था. १८३० च्या दशकात तिचे काम नाशिकमध्ये सुरू झाले. त्या काळी ख्रिस्ती झालेल्या माणसाचे घर, जात, पाणवठा आणि अनेकदा धंदाही सुटत असे. नाशिकसारख्या तीर्थक्षेत्रात तर ही दरी आणखी मोठी होती. त्यामुळे अशा कुटुंबांना राहायला आणि कमवायला जागा हवी होती.

१८५४ मध्ये रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराच्या पश्चिमेला वेगळी वसाहत उभी केली. आसरा देणारे गाव म्हणून नाव पडले शरणपूर. प्रार्थनेची जागा, शाळा, अनाथाश्रम आणि सुतारकाम-लोहारकाम शिकवणारे कारखाने अशी गावाची रचना होती. इंग्लंडच्या खेड्यांत चर्चभोवती गाव असते, तोच नमुना गोदाकाठच्या मातीत उतरला होता.

आफ्रिकन मुले इथे कशी आली?

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पळवून त्यांची विक्री होत असे. ब्रिटिश आरमार गुलामांची वाहतूक करणारी जहाजे अडवी, तेव्हा सुटलेल्यांपैकी अनेकांना मुंबईत उतरवले जाई. त्यांत लहान मुलेही असत. गाव कुठले, आईबाप कोण, हे अनेकांना सांगता येत नसे. त्यातली काही मुले शरणपूरला आली. बाप्तिस्म्यानंतर त्यांना नवी इंग्रजी नावे मिळाली. ती मराठी आणि इंग्रजी शिकली, हातात कसब आले. पुढे ‘नासिक बॉइज’ म्हणून जगाने ओळखली ती हीच मुले.

लिव्हिंगस्टन यांच्याशी संबंध काय?

आफ्रिकेतील शोधमोहिमांसाठी प्रसिद्ध असलेले डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ मध्ये मुंबईत होते. नव्या मोहिमेसाठी त्यांनी शरणपूरचे नऊ तरुण सोबत घेतले. त्यातले बहुतेक वाटेतच मोहीम सोडून गेले. एडवर्ड गार्डनर मात्र अखेरपर्यंत टिकला. १८७२ मध्ये मदतीला गेलेल्या तुकडीत जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे आणखी दोघे ‘नासिक बॉइज’ होते.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन यांचे निधन झाले. सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. त्या वेळी प्रार्थनापुस्तकातील अंत्यविधी वाचला तो शरणपूरला शिकलेल्या वेनराइटने. झाडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. त्यानंतर सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली हा तांडा मृतदेह घेऊन दीड हजार किलोमीटरहून अधिक चालला आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रकिनारी बागामोयोला पोहोचला.

१८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत दफनविधी झाला. शवपेटीसोबत मानाने चालणाऱ्या मोजक्या लोकांत वेनराइट होता. या प्रवासाविषयी त्याने लिहिलेली रोजनिशी आजही उपलब्ध आहे.

मग ही माणसे गेली कुठे?

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी सुटका झालेल्या गुलामांसाठी पूर्व आफ्रिकेतच वसाहत हवी, असा आग्रह धरला. तिच्या उभारणीसाठी प्राइस मोम्बासाला गेले आणि १८७५ मध्ये ‘फ्रिअरटाउन’ वसले. शरणपूरच्या आफ्रिकन तरुणांना तिथे शिक्षक, प्रचारक आणि कारागीर म्हणून बोलावण्यात आले. त्यांच्यातले विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड तर १८६४ मध्येच तिकडे गेले होते.

हे घरी परतणे सोपे नव्हते. भारतात ते ‘आफ्रिकन’ होते, तर आफ्रिकेत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हटले गेले. पगार आणि मानावरून युरोपीय मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडाले. तरीही १८८५ मध्ये जोन्स आणि सेमलर यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोम्बासात जगला. फ्रिअरटाउनची घंटा तिथे आजही आहे. घंटेला स्वाहिलीत ‘केंगेले’ म्हणतात आणि त्या परिसराचे नाव पडले आहे केंगेलेनी. म्हणजे शरणपूरप्रमाणेच तिथेही इतिहास पत्त्यात उरला आहे.

आज शरणपूरमध्ये काय आहे?

आफ्रिकन मुले गेली, मराठी ख्रिस्ती समाज राहिला. १९२९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजेच सीएनआय, स्थापन झाले आणि अँग्लिकन मंडळ्या त्यात सामील झाल्या. शरणपूरचे सेंट अँड्र्यूज चर्च याच परंपरेतले.

अशा मराठी मंडळ्यांमध्ये रविवारची उपासना, संडे स्कूल, महिला मंडळ, हंगामाचा सण आणि नाताळ यांभोवती वर्ष फिरते. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते गायली जातात. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, पण त्यांच्या गीतांनी मिशनमिशनमधल्या भिंती केव्हाच ओलांडल्या होत्या.

हा इतिहास आज का महत्त्वाचा?

मराठीत ‘शरण’ शब्दाला दोन अर्थ आहेत. एक आसरा, दुसरा हार पत्करणे. शरणपूरमध्ये दोन्ही होते. जीव वाचला, शिक्षण मिळाले. पण नाव, धर्म आणि पुढचा प्रवास यांतले बरेच काही त्या मुलांसाठी दुसऱ्यांनीच ठरवले. त्यांच्या कहाणीकडे केवळ उपकार म्हणून किंवा केवळ अन्याय म्हणून पाहिले, तर ती अर्धीच कळते.

‘मूळचा कोण आणि बाहेरचा कोण’ हा वाद शहरांमध्ये वारंवार पेटतो. नाशिकच्या एका गजबजलेल्या रस्त्याने मात्र बाहेरून आलेल्यांना दिलेला आसरा आपल्या नावातच जपला आहे.