बाड, छापील संग्रह आणि शाळेचे हस्तलिखित

जुन्या घराच्या माळ्यावर किंवा देवघराच्या पेटीत कधी कधी एक लांबट, अरुंद, आखूड बाजूने शिवलेली वही सापडते. तिला बाड म्हणतात. पोथीची पाने सुटी असतात व तीत बहुधा एकच ग्रंथ असतो. बाडात मात्र तुकोबांच्या अभंगाशेजारी वामनपंडितांचे श्लोक, एखादी आरती, एखादे पद, औषधाचा उतारा, क्वचित देण्याघेण्याचे टिपणही आढळते. कीर्तनकार, मठांतील शिष्य आणि वाचनाची गोडी असलेले गृहस्थ आपणांस आवडलेले वेचे बोरूने उतरून घेत.

छापखाना नव्हता त्या काळी पुष्कळ मराठी कविता अशा उतरून घेण्यामुळेच टिकली. तथापि, या पद्धतीत दोषही होते. उतरताना शब्द बदलत, कडवी गळत, एकाचे पद दुसऱ्याच्या नावावर जाई. विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी 1869 व 1873 साली तुकारामांची गाथा दोन भागांत छापून प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांना निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहावे लागले.

छापील संग्रहांचा पाया या हस्तलिखितांनीच घातला. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी 1854 साली प्राचीन कवींचे वेचे निवडून ‘नवनीत’ सिद्ध केले व ते शाळांतून अभ्यासिले गेले. 1878 साली ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघाले आणि अप्रसिद्ध काव्ये व ऐतिहासिक कागद त्यातून प्रकाशात आले. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठामठांतून बाडे मिळवून त्यांचे जतन केले. पुढे काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने 1909 साली दिवाळी अंक काढला. अनेकांचे लेखन एका पुठ्ठ्यात आणण्याची बाडाची रीत त्या रूपाने घरोघर पोचली.

या परंपरेत एक मोठी उणीव राहिली. ज्याला लिहिता येई त्यानेच बाड भरले. जात्यावर ओव्या रचणाऱ्या बहुतेक स्त्रियांस अक्षरओळख नव्हती. त्यांची कविता बाडात फारशी उतरली नाही आणि म्हणून आरंभीच्या छापील संग्रहांतही आली नाही. ही उणीव भरून काढणाऱ्यांत एक शिक्षक होते. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरला शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढीत. पुढे त्यांनीच स्त्रियांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ प्रसिद्ध केले. अलीकडच्या काळात हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या प्रयत्नाने एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. तेलगावहून जवळच असलेल्या माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी डॉ. आंबेडकरांवर रचलेल्या ओव्या 1996 साली ध्वनिमुद्रित झाल्या, त्या याच कार्यात.

आता पिठाच्या गिरण्यांमुळे जाते बंद पडले आहे आणि ओव्या केवळ वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात उरल्या आहेत. बीड जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. बंद घरातील वहीला वाळवी लागते, आणि आजी गेली म्हणजे तिच्या ओव्याही जातात. परंतु याच काळात अनेक मुले गावी आजीजवळ राहतात. तेलगाव व आसपासच्या वस्त्यांतील अशी मुले शाळेच्या हस्तलिखितासाठी उत्तम संग्राहक ठरतील.

शिक्षक बंधुभगिनींनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. सांगणाऱ्या व्यक्तीची संमती घेऊन तिचे नाव, गाव, नोंदीची तारीख व लिहून घेणाऱ्या मुलाचे नाव प्रत्येक पानावर असावे. जुन्या बाडांत नेमकी हीच माहिती अनेकदा सापडत नाही. ओवी जशी म्हटली तशीच लिहावी. बोलीतील शब्द ‘शुद्ध’ करू नयेत. एकच ओवी दोघींनी निराळी म्हटली, तर दोन्ही रूपे नोंदवावीत. जुने बाड आढळल्यास ते मुलांकरवी शाळेत मागवू नये. घरी जाऊन, घरच्यांच्या परवानगीने पाहावे. फाटलेल्या पानांस चिकटपट्टी लावू नये. लिपी मोडी असेल, तर जाणकाराचे साहाय्य घ्यावे.

वर्षअखेर ही पाने शिवून शाळेच्या कपाटात ठेवावीत व दरवर्षी त्यांत भर घालावी. आपल्या आजीची ओवी पुस्तकातील कवितेच्या मानाने लिहिली व वाचली जाते, हे ज्या मुलाने एकदा पाहिले, त्याला लेखनाचे मोल निराळे समजावून सांगावे लागणार नाही.