पिच शिकताय? आधी नांगराची गोष्ट ऐका
वाईत गणपती घाटावर मित्राने हळद पावडरीच्या धंद्याचं पिच, म्हणजे भांडवल मागण्यासाठीची मांडणी, ऐकवलं. पहिली पाच मिनिटं नुसतं मशीनचं कौतुक! तेवढ्यात ऐकणाऱ्याचा चहा निवतो.

वस्तू चांगली असणं पुरत नाही. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा शेतकऱ्यांची शंका वेगळीच होती: लोखंडाने जमीन विषारी होते! पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. पुढे औंधच्या राजेसाहेबांनी जागा आणि कर्ज दिलं, आणि 1910 साली कारखान्याची वसाहत, किर्लोस्करवाडी, उभी राहिली.

म्हणजे आधी समोरच्याच्या मनातली शंका काढायची. मग उपाय, पुरावा आणि शेवटी नेमकी मागणी: किती रुपये, कशासाठी. (मित्राला रक्कमच सांगता येईना!)

तुमचं पिच तीन मिनिटांत बसतं का? घड्याळ लावून बघा आणि कळवा.